जुळे सोलापूर ते अमेरिका, व्हाया वर्सोवा

जुळ्या सोलापुरात रात्री साडेअकरानंतर एखाद्या घरात दिवा जळत असला, तर पूर्वी तीनच तर्क निघायचे. घरात कुणीतरी आजारी आहे, मुलगी बारावीला आहे, किंवा आज पाण्याची पाळी आहे. अलीकडे चौथा तर्क निघाला आहे. त्या घरात कुणीतरी एम.एस. करतंय. अमेरिकेचं. इथंच बसून.

आमच्या घरात ते सूनबाई करते. २०२० साली पुण्याच्या कंपनीतली नोकरी लॅपटॉपसकट सोलापूरला आली, ती परत गेलीच नाही. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास. विषय कॉम्प्युटर नेटवर्किंग आणि डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्यांच्या परीक्षेबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत आणि निकाल अजून लागायचा आहे.

विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्यामध्ये पसरलेला आमचा भाग म्हणजे निवृत्तांचं राज्य. शिक्षक, बँकवाले, जिल्हा परिषदवाले. प्रत्येकाचं घर बांधून झालं आणि घरात राहणारी मुलं पुण्याला गेली. इथं ‘मुलगा कुठं असतो?’ या प्रश्नाला ‘पुण्याला’ हे एका शब्दाचं उत्तर पुरतं. ‘घरीच असतो’ म्हटलं की मात्र समोरचा खुर्ची पुढं ओढून बसतो आणि आवाज खाली आणून विचारतो, “का हो, काय झालं?” त्यात सून घरी बसून अमेरिकेचं शिक्षण घेते म्हटल्यावर तर चहा दुसऱ्यांदा टाकावा लागतो.

खरं म्हणजे घरी बसून पदवी घेण्यात नवीन काही नाही. लंडन विद्यापीठानं १८५८ सालीच कॉलेजाचं तोंड न पाहिलेल्यांना परीक्षेला बसू दिलं होतं. आपल्याकडे १९८५ मध्ये इग्नू आलं, १९८९ मध्ये नाशिकचं मुक्त विद्यापीठ आलं, आणि आमच्या पिढीतल्या कितीतरी कारकुनांनी बढतीपुरतं बी.ए. बाहेरून करून टाकलं. या ‘बाहेरून’वाल्यांकडे बघण्याची समाजाची एक ठरावीक नजर असते. लग्नात आहेर न आणता आलेल्या पाहुण्याकडे बघतात ती. जेवू तर घालायचं, पण पहिल्या पंगतीला नाही.

ही नजर मोडली ती २०१४ च्या जानेवारीत. अटलांटातल्या जॉर्जिया टेकनं संगणकशास्त्राची आख्खी एम.एस. पदवी नेटवरून द्यायला सुरुवात केली. एटी अँड टी कंपनीनं पैसा लावला आणि सगळ्या पदवीची फी सात हजार डॉलरच्या आत बसवली. त्या वेळच्या भावानं सव्वाचार लाखांच्या आसपास. एवढ्यात आपल्याकडे धड एक मंगल कार्यालय होत नाही. आणि कळस म्हणजे पदवीच्या कागदावर ‘ऑनलाइन’ असा शब्दच नाही. वर्गात बसलेल्याला जो कागद, तोच घरी बसलेल्याला. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना हे सांगितलं तेव्हा ते अस्वस्थ झाले.

“मग लोकांना कळणार कसं, कोण वर्गात बसला होता ते?”

“कळू नये म्हणूनच तसं केलंय, सर.”

“हे बरोबर नाही,” ते म्हणाले. चाळीस वर्षं हजेरीपट भरलेल्या माणसाला हे पटणं अवघड आहे.

त्याच जॉर्जिया टेकमध्ये २०१६ साली अशोक गोयल या प्राध्यापकांनी आपल्या ऑनलाइन वर्गातल्या शंकांना उत्तरं द्यायला जिल वॉटसन नावाची एक सहायक नेमली. मुलं तिला विचारत, ती उत्तरं देई. सत्र संपत आल्यावर कळलं की ती बाई नव्हतीच, आयबीएमच्या वॉटसनवर बांधलेला प्रोग्राम होता. मुख्याध्यापकांना हे अजून सांगितलेलं नाही. त्यांचं ब्लडप्रेशर वर असतं.

आता मूळ विषय. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम म्हणजे काय, असं मी सूनबाईला पहिल्याच महिन्यात विचारलं. तिनं ज्यांचं नाव घेतलं ते लेस्ली लॅम्पोर्ट, या शास्त्राचे आद्य पुरुष. त्यांनी १९८७ साली सहकाऱ्यांना पाठवलेल्या मेलमध्ये गमतीनं एक व्याख्या केली होती. जे यंत्र अस्तित्वात आहे हेही तुम्हाला ठाऊक नसतं, ते बंद पडल्यामुळं तुमचं यंत्र कामातून जातं, ती डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम, असा तिचा आशय. (‘म्हणजे एकत्र कुटुंबच की!’ हा विनोद आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा करतो. सूनबाईनं घरात त्यावर बंदी घातली आहे, म्हणून मी तो करत नाही.)

या लॅम्पोर्टसाहेबांबद्दल मला फार जिव्हाळा वाटायला लागला आहे, आणि त्याचं कारण संगणकाशी संबंधित नाही. १९८२ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर एक प्रश्न मांडला. वेढा घालून बसलेले काही सेनापती, त्यातले काही फितूर, निरोप्यांवर सगळी मदार, तर हल्ल्याबद्दल एकमत व्हायचं कसं? आधी या सेनापतींना अल्बेनियाचे करावं असं त्यांच्या मनात होतं. अल्बेनियानं तेव्हा सगळे दरवाजे लावून घेतले होते, तिथलं कोण वाचणार? पण एका सहकाऱ्यानं लक्षात आणून दिलं की अल्बेनियन माणसं अल्बेनियाबाहेरही असतात. म्हणून मग सेनापती बायझंटाईन झाले. ते साम्राज्य १४५३ सालीच बुडालेलं. भावना दुखावून घ्यायला कुणी शिल्लक नाही! महाराष्ट्रात विनोदी लिहिणाऱ्या माणसाला या सावधगिरीचं मोल कळतं.

पण त्याच माणसाला पुढं विनोदानंच दगा दिला. १९९० साली त्यांनी अनेक यंत्रांनी मिळून एक निर्णय कसा घ्यावा यावर निबंध लिहिला आणि तो सरळ न लिहिता पॅक्सोस या ग्रीक बेटावरच्या काल्पनिक प्राचीन लोकसभेची कथा म्हणून लिहिला. सभासद अर्धवेळ. मनात येईल तेव्हा सभागृहात येणार, मधेच उठून जाणार, निरोप नेणाराही भरवशाचा नाही, आणि तरी कायद्यात गोंधळ होता कामा नये. सभासदांना संगणकशास्त्रातल्या मित्रांचीच नावं ग्रीक वळणानं दिलेली. व्याख्यानंसुद्धा उत्खनन करणाऱ्या शास्त्रज्ञाचा वेष करून, हॅट घालून दिली. तिन्ही परीक्षकांनी कळवलं की निबंध बरा आहे, पण ते पॅक्सोसचं प्रकरण तेवढं काढा. लॅम्पोर्टना वाईट वाटलं, या क्षेत्रात कुणाला विनोदच कळत नाही म्हणून. त्यांनी निबंध कपाटात टाकून दिला. तो छापून आला १९९८ साली. तोवर निम्मं जग त्याच प्रश्नावर डोकं फोडत होतं. शेवटी २००१ मध्ये त्यांनी हार मानून तीच गोष्ट एकही विनोद न करता पुन्हा लिहिली, आणि ती लोकांनी वाचली. पुढं २०१३ सालचा ट्युरिंग पुरस्कारही मिळाला. दिवाळी अंकाला लेख पाठवून ‘विनोद थोडा कमी केल्यास विचार करू’ असं उत्तर आलेल्या प्रत्येकानं या माणसाचा फोटो टेबलावर ठेवावा.

पॅक्सोस तरीही लोकांना झेपेना, म्हणून २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोघांनी ‘राफ्ट’ नावाची सोपी पद्धत काढली. सूनबाईचा गृहपाठ त्यावर. पाच यंत्रं चालू करायची. ती एकाच लॅपटॉपमध्ये असतात, दिसत नाहीत. त्यांनी आपसात निवडणूक घेऊन एक लीडर निवडायचा. मग विद्यार्थ्यानं एकेकाला मुद्दाम बंद पाडायचं. पाचांतली दोन गेली तरी उरलेल्या तिघांनी कारभार चालवून दाखवला पाहिजे. तीन गेली की मात्र बहुमत संपलं, काम थांबलं. आता हे सगळं ती रात्री एक वाजता हेडफोन लावून बेंगळुरूच्या मैत्रिणीशी बोलत होती, आणि आमच्या सौभाग्यवती पाणी प्यायला उठल्या होत्या.

“लीडरला मारला मी आत्ता. दुसऱ्यालाही मारला. आता तिसऱ्याला मारू का?”

सौ. परत आल्या आणि दाराची कडी लावून झोपल्या. सकाळी सगळा खुलासा झाला, तरी त्या दिवशी भाजी चिरायची सुरी त्यांच्याकडेच राहिली.

मला यात आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. राफ्टमध्ये लीडर पडला की इतर यंत्रं सहसा सेकंदभरसुद्धा वाट बघत नाहीत, नव्या निवडणुकीला लागतात. आमच्या महापालिकेची मुदत २०२२ साली संपली आणि पुढची निवडणूक लागायला तीन वर्षांहून जास्त वेळ गेला. मध्ये प्रशासक. सूनबाई म्हणाली, “बाबा, राफ्टमध्ये प्रशासक नसतो.” म्हटलं, म्हणूनच अजून गृहपाठात आहे.

हे सगळं ज्ञान आमच्या घरात येतं ती वाट बघण्यासारखी आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. अमेरिकेतल्या प्राध्यापकानं तोंड उघडलं की त्याचे शब्द समुद्राच्या तळावरून मुंबईला वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावर बाहेर येतात, तिथून पुण्यावरून सोलापूर. चौदा-पंधरा हजार किलोमीटरचं अंतर डोळ्याची पापणी लवायच्या आत. समुद्रातही अपघात होतात. २००८ च्या जानेवारीअखेर इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतभर नेट रांगायला लागलं. पण त्या केबल जहाजं पाठवून, वर ओढून, जोडून देतात. त्याला तोड आहे. तोड नाही ती शेवटच्या दोनशे मीटरला.

तिथं ती काळी वायर विजेच्या खांबावरून निघते, गुलमोहराच्या फांदीवर टेकते, मंगल कार्यालयाच्या पत्र्याला वळसा घालते, कुणाच्या तरी गच्चीत साड्या वाळत घालायच्या दोरीबरोबर गुंतते आणि आमच्या खिडकीच्या भोकातून आत येते. खिडकी त्यामुळे पाच वर्षांत पूर्ण लागलेली नाही. सुतळीनं बांधलेल्या या दोनशे मीटरवर आमच्या घराची एम.एस. उभी आहे. एखादा उसाचा ट्रॅक्टर उंच भरून गेला किंवा कुणाच्या दारात जेसीबी लागला की राउटरवर लाल दिवा लुकलुकायला लागतो. मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा सरकारनं २०१७ साली काढला. आमच्या घरातला कोण काढणार?

मग मी केबलवाल्या पोराला फोन लावतो.

“काका, फायबर कट झालाय. जॉइंट मारूलालोय.”

“किती वेळ?”

“आत्ता येऊलालंय बगा.”

‘आत्ता’ ही वेळेची मर्यादा नाही, तो सोलापुरी आशीर्वाद आहे. सूनबाई तोवर मोबाईलचा हॉटस्पॉट घेऊन गच्चीत, पाण्याच्या टाकीला पाठ लावून, अविश्वसनीय नेटवर्कवर विश्वासार्ह संवाद कसा करावा हा धडा ऐकत बसते. एका कोपऱ्यात मोबाईलला दोन काड्या मिळतात. त्या कोपऱ्यात पूर्वी मी पापडांच्या वाळवणाची राखण करत असे.

टाकीवरून आठवलं. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, हे महाराष्ट्राला माहीत आहे. उजनीतून भीमेत सोडायचं, ते औजच्या बंधाऱ्यात अडवायचं, टाकळीहून उपसायचं, सोरेगावला शुद्ध करायचं आणि मग आमच्या नळाला. इतका प्रवास करून आलेलं पाणी घरात घ्यायला प्रत्येक जण नळाला थेट मोटर लावतो. आपण लावतो, कारण शेजाऱ्यानं लावली आहे. शेजारी लावतो, कारण आपण लावणार याची त्याला खात्री आहे. सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की नळातून पाण्याऐवजी खोकला येतो.

एका पहाटे मी मोटरीपाशी उभा असताना अभ्यास संपवून झोपायला निघालेली सूनबाई थांबली आणि म्हणाली, “बाबा, हे १९८६ चं आहे.” मला वाटलं मोटर. तर नाही. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात बर्कले इथली प्रयोगशाळा आणि विद्यापीठ, अंतर चारशे यार्ड, यांच्यातलं नेट असंच बसलं होतं. सेकंदाला बत्तीस हजार बिट जायचे, तिथं चाळीस जायला लागले. बत्तीस हजारांवरून चाळीसावर! कारण एवढंच की गर्दीत एखाद्याचं माहितीचं पाकीट हरवलं की तो लगेच दुसरं पाठवायचा, ते हरवलं की तिसरं. जितकं पोचत नव्हतं तितकं जास्त ढकलत होते. व्हॅन जेकबसन नावाच्या माणसानं मायकेल कॅरेल्सच्या मदतीनं यावर उपाय काढला आणि १९८८ साली तो छापला. उपाय असा की पाकीट हरवलं तर समजायचं, पुढं गर्दी आहे. आपण होऊन आपला वेग निम्मा करायचा. मग थोडा थोडा वाढवत न्यायचा, पुन्हा हरवलं की पुन्हा निम्मा. चौकात पोलीस नाही, दंड नाही. प्रत्येक यंत्रानं आपापल्या घरात बसून सभ्यपणे वागायचं, आणि त्या सभ्यपणावर जगाचं इंटरनेट अजून चालतं.

मी हे ऐकून भारावलो. सोसायटीच्या सभेत मांडलं. पाणी बारीक झालं की प्रत्येकानं आपली मोटर आपण होऊन अर्धा वेळ बंद ठेवायची. टाळ्या झाल्या. ठराव एकमतानं मंजूर झाला, माझं भाषण इतिवृत्तात घेतलं गेलं. पुढच्या पाळीला पहाटे पाणी बारीक झालं तेव्हा गल्लीत सगळ्यात आधी ज्या घरातून मोटरीची घरघर ऐकू आली, ते घर ठराव मांडणाऱ्याचं होतं. बटण सौ.नी दाबलं होतं. “ठराव तुम्ही मांडलाय,” त्या म्हणाल्या, “भांडी मी घासते.” सूनबाई म्हणाली की हा धोका जेकबसनलाही होता, एखाद्या यंत्रानं नियम पाळायचा नाही असं ठरवलं तर त्याला अडवणं कठीण असतं. सौ.नी हे कौतुक म्हणून घेतलं.

गृहपाठ द्यायच्या वेळेचा आणखी एक तमाशा आहे. अशा अभ्यासक्रमांना जगभरातून मुलं येतात, मग रात्री बारा वाजले म्हणजे कुठले बारा? त्यावर तोडगा म्हणून बऱ्याच ठिकाणी ‘पृथ्वीवर कुठंही’ अशी मुदत देतात. म्हणजे जगात सगळ्यात शेवटी जिथं तारीख बदलते तिथले बारा. ती जागा म्हणजे पॅसिफिक महासागरातली बेकर आणि हाऊलँड ही दोन बेटं. तिथं माणूस राहत नाही, समुद्रपक्षी राहतात. त्यांच्या रविवारी रात्री बारा वाजायला एक मिनिट कमी असतं तेव्हा आमच्याकडे सोमवारचे संध्याकाळचे साडेपाच वाजत आलेले असतात. नेमकी चहाची वेळ, नेमकी पाहुण्यांची वेळ, आणि उन्हाळ्यात नेमकी वळवाच्या वाऱ्याची वेळ. ढग भरून आले, डीपीवर फटाका वाजला आणि वीज गेली, की आमच्या घरात दोन कुठल्यातरी बेटांवरच्या पक्ष्यांचा उद्धार होतो.

राहिली परीक्षा. ती घरीच असते, पण कॅमेऱ्याच्या पहाऱ्यात. आधी लॅपटॉप हातात धरून सगळी खोली दाखवायची, टेबलाखालचंसुद्धा. दार बंद. खोलीत दुसरा माणूस नको, दुसरा आवाज नको. हा नियम ज्यानं केला तो दक्षिण सोलापुरात कधी राहिलेला नाही. सकाळी घंटागाडी गाणं लावून येते, मागोमाग भंगारवाला ध्वनिक्षेपक घेऊन येतो, मंगल कार्यालयात हळद असते. सौ.नी कुकर लावला नाही, देवाची घंटा वाजवली नाही आणि जिन्यात खुर्ची टाकून बसल्या. हळदीकुंकवाला बोलवायला आलेल्या दोघींना त्यांनी खुणेनंच परत पाठवलं. त्या दोघींनी पुढं गल्लीत काय सांगितलं असेल, ते मी दुसऱ्या दिवशी पाच जणांनी तब्येतीची चौकशी केली तेव्हा समजलो.

एवढं करूनही परीक्षा अडली. कॅमेऱ्यामागच्या प्रोग्रामनं हरकत घेतली की खोलीत आणखी एक माणूस आहे. सूनबाईनं सगळीकडे कॅमेरा फिरवला. कुणी नाही. पुन्हा हरकत. तो माणूस हलत नाही, बोलत नाही, सतत उमेदवाराकडे बघतो आहे. ते माझे वडील होते. भिंतीवर, हार घातलेले, १९९४ साली गेलेले. पलीकडच्या निरीक्षकानं लेखी सूचना दिली की संबंधित व्यक्तीनं ताबडतोब खोलीबाहेर जावं. वडिलांना त्यांच्या हयातीत या घरातून बाहेर जा म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. खाली उतरवून सोफ्यावर ठेवले. सौ.नी नमस्कार करून सांगितलं, “सुनेच्या परीक्षेपुरतं आहे, मामंजी.” पेपर बरा गेला. फोटो अजून सोफ्यावरच आहे, कारण पुढचा पेपर जवळ आला आहे.

तो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, सकाळी नऊ ते बारा. ज्या कुणाला आमच्या गल्लीत रस्ता, गटार, पाण्याची लाईन किंवा नुसताच खड्डा खणायचा असेल, त्यांनी तो आधी तरी खणावा किंवा नंतर तरी. ऊसवाल्यांनी मोळ्या जरा बेतानं भराव्यात. आणि आमच्याकडे यायचं असेल तर बेल वाजवू नका, फोन करा. तोही मला करा, तिला नको.